स्मार्ट चष्म्याचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स असलं की प्रायव्हसीची काळजी मिटते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की आजोबांना कमी ऐकू येतं, श्रवणयंत्र लावूनही घरात चार माणसं एकदम बोलायला लागली की त्यांना काही कळत नाही, म्हणून समोरच्याचं बोलणं काचेवर अक्षरात दिसेल असा स्मार्ट चष्मा घ्यायचा विचार चाललाय. आणि त्यावरून घरात दोन मतं आहेत. एक म्हणतंय मोठ्या कंपनीचा नको, ते सगळं ऐकून साठवतात, ओपन सोर्सवाला घ्या म्हणजे निर्धास्त. दुसरं म्हणतंय ओपन सोर्स म्हणजे कोणीही कोड वाचणार, कोणीही बदलणार, त्यात तर जास्त धोका.

मी ब्लूटूथवर चालणाऱ्या वेअरेबल्सचं (अंगावर घालायच्या उपकरणांचं) फर्मवेअर, म्हणजे चिपवरच बसवलेलं सॉफ्टवेअर, आणि त्यांची फोनमधली ॲप्स ह्यात बरीच वर्षं काम करतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. आधी उत्तर सांगून टाकतो. कोड ओपन असल्याने चष्मा घालणाऱ्याच्या हातात स्वतःची प्रायव्हसी तपासायची आणि सांभाळायची सोय येते, पण ती सोय कोणीतरी वापरावी लागते, नुसतं लायसन्स (कोड वापरायच्या अटी) बघून काही होत नाही. आणि चष्म्यासमोर बसलेल्या माणसाची प्रायव्हसी हा पूर्ण वेगळा विषय आहे, त्याने ना कोड वाचलेला असतो ना कुठल्या अटींना होकार दिलेला असतो. ह्या दोन गोष्टी लोक सतत एकत्र करतात आणि मग भांडण मिटत नाही.

पहिल्यांदा विचारायचं की नक्की काय ओपन आहे. ह्या सिस्टिमला कमीत कमी चार थर असतात: चष्म्यातल्या चिपवरचं फर्मवेअर, फोनमधलं ॲप, इंटरनेटवरचा सर्व्हर, आणि आवाजाचं अक्षर करणारं मॉडेल, जे बऱ्याचदा तिसऱ्याच कंपनीचं असतं. जाहिरातीत "ओपन" लिहिलेलं असतं ते ह्यातल्या एका थराबद्दल असू शकतं. २०१३ मध्ये गूगल ग्लास डेव्हलपर लोकांना १,५०० डॉलरला मिळायला लागला तेव्हा त्याच्या लिनक्स कर्नलचा (सिस्टिमच्या गाभ्याचा) सोर्स गूगलने दिला होता, कारण जीपीएल ह्या लायसन्समुळे तो द्यावाच लागतो, पण त्याच्या वरचं जे काही आपल्याला खरं बघायचं होतं ते बंदच होतं. आज चित्र बरंच सुधारलंय. ब्रिलियंट लॅब्जच्या फ्रेम चष्म्याचं फर्मवेअर आणि हार्डवेअरचं डिझाइन दोन्ही गिटहबवर (कोड सगळ्यांसाठी ठेवायची साइट) आहे, त्याला ब्लूटूथवरून लुआ भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम पाठवता येतो. मेंट्रा-ओएस ही वेगवेगळ्या चष्म्यांवर चालणारी सिस्टिम, जिचं आधीचं नाव ऑगमेंट-ओएस होतं, त्यात फोनचं ॲप, सर्व्हर आणि डेव्हलपरसाठीचं किट ओपन आहे, पण ते ज्या चष्म्यांवर चालतं त्यातला इव्हन रिॲलिटीजचा जी१ घ्या, त्याचं आतलं फर्मवेअर कंपनीचं बंद आहे, कंपनीने एका डेमो ॲपचा सोर्स दिलाय ज्यातून ब्लूटूथवर कुठल्या कमांड पाठवायच्या ते कळतं. म्हणजे वर ओपन, खाली बंद. फ्रेममध्ये खाली ओपन, पण तुम्ही त्याच्यावर कुठलं ॲप बसवता आणि ते ॲप कुठल्या सर्व्हरशी बोलतं ते बघायचं राहतंच. दोन्ही "ओपन सोर्स", पण तुमच्या आजोबांचा आवाज कुठे जातो ह्याचं उत्तर दोन्हीकडे वेगळं.

आवाज बाहेर जातोच का, तर चष्म्यात जागा नाही म्हणून. काडीत मावेल एवढी बॅटरी दीडदोनशे मिलिअँपअवरची, फोनच्या मानाने पंचविसावा भाग वगैरे, त्यावर बोलणं ओळखणारं मॉडेल दिवसभर चालवणं जमत नाही. मग माइकचा आवाज दाबून लहान करतात आणि ब्लूटूथवरून फोनला देतात. कच्चा आवाज सेकंदाला २५६ किलोबिट होतो, १६ हजार नमुने गुणिले १६ बिट, आणि एलसी३ सारख्या कोडेकने (आवाज दाबायच्या पद्धतीने) तो ३२ किलोबिटपर्यंत सहज खाली येतो. आता हिशेब करा, ३२ किलोबिटने एक तासाचं बोलणं फक्त १४.४ एमबी होतं. दहा तास चालू ठेवलं तरी दीडशे एमबीच्या आत. हे मुद्दाम सांगतोय, कारण बरेच जण म्हणतात की आवाज कुठे जात असेल तर डेटा पॅकवरून कळेलच की. नाही कळणार. दोनचार रील बघितल्या तरी तासाभराच्या बोलण्याएवढा डेटा जातो, आणि अक्षरं होऊन गेली तर अख्ख्या दिवसाचं बोलणं एका फोटोपेक्षा कमी जागेत मावतं.

फोनपर्यंत आलेला आवाज पुढे कुठे जातो तो खरा मुद्दा. २०२५ मध्ये मी मेंट्रा-ओएसची रचना बघितली तेव्हा चष्मा फोनला, फोन त्यांच्या क्लाउडला, आणि क्लाउड पुन्हा ज्या डेव्हलपरने ॲप लिहिलंय त्याच्या सर्व्हरला जोडलेला अशी साखळी होती. डेव्हलपरला हे फार सोयीचं पडतं, चारशे ओळीत ॲप तयार होतं, कुठल्या कंपनीचा चष्मा आहे ह्याची फिकीर नाही, आणि ॲपला माइक हवा असेल तर आधी परवानगीत तसं लिहावं लागतं, ते चांगलंच आहे. पण प्रायव्हसीच्या नजरेने बघितलं तर तुमच्या घरातलं बोलणं अक्षरं होऊन एखाद्या अनोळखी डेव्हलपरच्या सर्व्हरवर पोचतंय आणि त्या सर्व्हरवरचा कोड ह्या ओपन सोर्स रेपोचा (कोडच्या साठ्याचा) भाग नाहीये. तो त्याचा स्वतःचा. प्लॅटफॉर्म कितीही स्वच्छ असला तरी त्या टोकाला काय होतं ते प्लॅटफॉर्मचा सोर्स वाचून कळत नाही.

आणि क्लाउडचा कोड ओपन असला तरी तिथे आत्ता जी कॉपी चालू आहे ती त्याच कोडची आहे हे बाहेरून सिद्ध करता येत नाही. इथे लायसन्सचा फरक पडतो. एमआयटी ह्या मोकळ्या लायसन्सचा कोड घेऊन कोणी त्यात आवाज साठवायची सोय घातली आणि सर्व्हर चालवला तर त्याने बदल दाखवायची सक्ती नाही. एजीपीएल नावाचं लायसन्स असेल तर नेटवर्कवरून वापरणाऱ्यांना बदललेला सोर्स द्यावा लागतो, म्हणजे निदान कायदेशीर पकड आहे. चष्म्यांच्या दुनियेत बरंचसं सॉफ्टवेअर एमआयटी किंवा तसंच मोकळं असलेल्या अपाचे लायसन्सवर आहे कारण सगळ्यांना हार्डवेअर कंपन्यांनी ते उचलावं असं वाटतं. मला स्वतःला सर्व्हरच्या भागासाठी एजीपीएल जास्त योग्य वाटतं, आणि हे मी प्रोजेक्टवाल्यांना दरवेळी सांगतो.

ॲपचंही तेच. प्ले स्टोअरवरून उतरवलेलं ॲप गिटहबवरच्याच कोडमधून बनलंय कशावरून? मार्च २०२४ मधलं एक्सझेडचं प्रकरण ज्यांना आठवत असेल त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. लिनक्समध्ये सगळीकडे वापरली जाणारी कॉम्प्रेशनची लायब्ररी, पूर्ण ओपन सोर्स, आणि मागचं दार उघडणारी बिल्ड स्क्रिप्टची ओळ गिटमध्ये नव्हतीच, ती फक्त रिलीज म्हणून दिलेल्या टारबॉलमध्ये (एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये) होती. ते पकडलं एका इंजिनिअरने, त्याला सर्व्हरवर लॉगिन अर्ध्या सेकंदाने हळू का झालं ह्याचा छडा लावायचा होता म्हणून. मी ह्या घटनेकडे दोन्ही बाजूंनी बघतो. ओपन असल्यामुळेच त्याला खोलात जाऊन बघता आलं, हे खरं. आणि सोर्स आणि प्रत्यक्ष चालणारी फाइल ह्यात फट राहिली म्हणून ते आत शिरलं, हेही खरं. म्हणून ज्या ॲपचे रिप्रोड्युसिबल बिल्ड मिळतात, म्हणजे कोणीही सोर्सवरून बांधलं तरी बाइट न् बाइट तेच ॲप तयार होतं, त्याला मी वेगळे मार्क देतो. एफ-ड्रॉइड ह्या ओपन सोर्स ॲप्सच्या स्टोअरवर अशी ॲप्स मिळतात, चष्म्यांची मात्र फार थोडी.

आता ज्यांना थोडंफार कोड वाचता येतं त्यांच्यासाठी, आणि घरात एखादी भाची पुतण्या इंजिनिअरिंगला असेल तर त्यांना कामाला लावा. सगळा कोड वाचायची गरज नाहीये. मी नवीन प्रोजेक्ट बघायला घेतला की आधी सर्व्हरच्या फोल्डरमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची (सर्व्हरच्या सेटिंगची) नमुना फाइल उघडतो. सर्व्हर उभा करायला कुठकुठल्या कंपन्यांच्या एपीआय की (त्यांची सेवा वापरायच्या चाव्या) लागतात ते तिथे ओळीने लिहिलेलं असतं, स्पीच टू टेक्स्ट कोणाकडून, भाषांतर कोणाकडून, ॲनालिटिक्स (वापराची आकडेवारी) कोणाचं, क्रॅश रिपोर्ट कोणाकडे. प्रायव्हसी पॉलिसीत "विश्वासू सहयोगी" असं मोघम लिहिलेलं असतं ते इथे नावानिशी सापडतं. ही एक फाइल बंद सोर्सच्या चष्म्यात तुम्हाला कधीच बघायला मिळणार नाही, आणि मी ओपन सोर्सच्या बाजूने का आहे ह्याचं सगळ्यात व्यवहारी कारण हेच आहे.

दुसरी जागा म्हणजे लॉग, ॲप चालताना काय घडलं ह्याच्या नोंदी. वाईट हेतू नसतानाही सगळ्यात जास्त गळती होते ती इथून. डेव्हलपर डीबग करताना ओळखलेलं वाक्य जसंच्या तसं लॉगमध्ये छापतो, बग सापडतो, ओळ तशीच राहते, आणि ॲप क्रॅश झालं की क्रॅश रिपोर्टच्या सोबत शेवटच्या काही लॉग ओळी बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर जातात. मी एका उत्पादनाचं परीक्षण करत होतो, त्यात आवाज कुठेही साठवत नाही असं ठळक लिहिलेलं होतं आणि ते खरंही होतं, आवाज साठवत नव्हतेच, पण क्रॅश रिपोर्टमध्ये लोकांची वाक्यं दिसत होती, कोणाचं तरी डॉक्टरशी बोलणं, कोणाची तरी पैशाची अडचण. टीममधल्या कोणालाही हे माहीत नव्हतं. कोड समोर होता म्हणून सापडलं आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालं. तेव्हा कोडमध्ये ट्रान्सक्रिप्ट हा शब्द शोधा आणि तो जिथे लॉगच्या फंक्शनमध्ये जातोय तिथे थांबा.

ब्लूटूथबद्दल फार लोक विचारत नाहीत पण विचारायला पाहिजे. दुसरं मत जे आहे ना की प्रोटोकॉल (फोन आणि चष्म्याची आपसात बोलायची पद्धत) सगळ्यांना माहीत असेल तर कोणीही माइक चालू करेल, त्यात तथ्याचा एक कण आहे. माइक चालू करायची कमांड काय आहे हे ओपन प्रोजेक्टमध्ये जगजाहीर असतं. पण कमांड लपवून सुरक्षितता मिळत नाही, ब्लूटूथचं बोलणं पकडून बंद प्रोटोकॉल उलगडणारे लोक आठवड्याभरात तो उलगडतात, हे ह्या क्षेत्रात कायम होतं. सुरक्षितता पेअरिंगमधून, म्हणजे फोन आणि चष्म्याची पहिली ओळख पटवून घेण्यातून, येते. चष्म्याला स्क्रीन आहे तर त्यावर सहा आकडे दाखवून ते फोनवर जुळवून घ्यायला हवेत, पण बरीच उत्पादनं "जस्ट वर्क्स" नावाची पद्धत वापरतात ज्यात काही जुळवावं लागत नाही आणि मधे कोणी बसला तर कळत नाही, आणि काही स्वस्त वस्तू तर पेअर न झालेल्या फोनचंही ऐकतात. तपासायला सोपं आहे, एनआरएफ कनेक्ट नावाचं फुकट ॲप दुसऱ्या फोनवर टाका, ज्या फोनशी चष्म्याची ओळख नाही त्यावरून जोडून बघा. जोडला गेला आणि कमांड स्वीकारली तर तो चष्मा कोड कितीही ओपन असो, परत करा. आणखी एक, चष्मा सतत आपलं अस्तित्व हवेत सांगत असतो, त्याचा ब्लूटूथ पत्ता कायम एकच असेल तर दुकानातला साधा रिसीव्हरही आजोबा परत आले हे ओळखू शकतो. नीट बनवलेल्या वस्तूत हा पत्ता साधारण दर १५ मिनिटांनी बदलतो.

इथपर्यंत सगळं घालणाऱ्याबद्दल झालं. आता समोरच्याबद्दल, आणि इथे मला जास्त वेळ घ्यायचाय, कारण ओपन सोर्सवाल्या आमच्याच लोकांमध्ये ह्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही.

कॅमेरावाल्या चष्म्यावर दिवा असतो, रेकॉर्डिंग चालू असलं की तो लागतो. सप्टेंबर २०२१ मध्ये फेसबुकचा (आताच्या मेटाचा) रे-बॅन स्टोरीज हा चष्मा आला तेव्हा आयर्लंड आणि इटलीच्या डेटा संरक्षण यंत्रणांनी विचारलं होतं की एवढासा दिवा बघून समोरच्याला खरंच कळतं का. नंतरच्या मॉडेलमध्ये, म्हणजे रे-बॅन मेटामध्ये, दिवा मोठा झाला आणि तो झाकला तर रेकॉर्डिंग होऊ नये अशी सोय आली. हा रे-बॅन मेटा मे २०२५ पासून भारतातही अधिकृतपणे मिळायला लागला, तेव्हा २९,९०० रुपयांपासून, त्यामुळे आता हा प्रश्न आपल्या लग्नकार्यातला, कॉलेजच्या कट्ट्यावरचा पण आहे. तर मुद्दा असा की दिवा फर्मवेअरच्या ताब्यात असेल, म्हणजे कोडमध्ये एक ओळ "दिवा लाव" म्हणून असेल, तर ओपन फर्मवेअरमध्ये ती ओळ काढून टाकणं हे दोन मिनिटांचं काम आहे. हा आरोप खरा आहे आणि त्याला "पण आमची कम्युनिटी जबाबदार आहे" हे उत्तर पुरत नाही.

पण त्यावरून बंद सोर्स सुरक्षित ठरतो का? तर नाही, कारण बंद चष्म्याचा दिवाही लोकांनी हार्डवेअर उघडून निकामी केलाय, पैसे घेऊन ते करून देणाऱ्याची बातमीही २०२५ मध्ये अमेरिकेतून आली. उपाय सर्किटमध्ये आहे. दिवा कॅमेरा सेन्सरच्या वीजपुरवठ्याच्याच लाइनवर बसवा, म्हणजे सेन्सरला वीज मिळाली की दिवा लागणारच, मधे सॉफ्टवेअर नाहीच. मग फर्मवेअर कोणीही कसंही बदलू दे, दिवा विझवायला सोल्डरिंग करावं लागेल, आणि तेवढी मेहनत घेणाऱ्या माणसाला छुपा कॅमेरा बाजारात हजारभर रुपयांत मिळतोच. आता हे असंच जोडलंय की नाही हे ग्राहकाला कुठे दिसतं? सर्किटचा आराखडा प्रसिद्ध असेल तरच. म्हणून मी म्हणतो की समोरच्या माणसासाठी ओपन सोर्सपेक्षा ओपन हार्डवेअर जास्त कामाचं आहे, आणि कॅमेरावाला ओपन चष्मा बघताना पहिलं पान आराखड्याचं उघडायचं, दिव्याची तार जीपीआयओ पिनला (सॉफ्टवेअरच्या ताब्यातल्या) जाते की पॉवर रेलला (वीजपुरवठ्याच्या लाइनला) ते बघायचं. आज पंचवीसेक डॉलरच्या सामानात, ईएसपी३२ ह्या चिपची कॅमेरावाली छोटी बोर्ड साध्या चष्म्याच्या काडीला चिकटवून घरी स्मार्ट चष्मा बनवतात, ओपनग्लास नावाचा प्रोजेक्ट तसाच आहे, शिकायला सुंदर आहे, पण असं काही बनवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला माझी कळकळीची विनंती आहे की पहिला दिवा जोडा, कॅमेरा नंतर.

चेहरा ओळखण्याचं काय, हे पण येतंच. ऑक्टोबर २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी रे-बॅन मेटावरून व्हिडिओ इन्स्टाग्रामवर लाइव्ह सोडून, तो कॉम्प्युटरने बघून, पिमआईज नावाच्या चेहरा शोधणाऱ्या साइटवर टाकून, अनोळखी माणसाचं नाव पत्ता काढून दाखवला. लोकांना सावध करायलाच त्यांनी ते केलं आणि कोड प्रसिद्ध करायला नकार दिला. लक्षात घ्या, ह्यात चष्म्याचं सॉफ्टवेअर बंद होतं, कंपनीने चेहरा ओळखायची सोय दिलेली नव्हती, तरी झालं, कारण धोका चष्म्यात नव्हता, इंटरनेटवर आधीच रचून ठेवलेल्या चेहऱ्यांच्या यादीत होता. गूगलने २०१३ मध्ये ग्लाससाठी चेहरा ओळखणारी ॲप्स चालणार नाहीत असं जाहीर केलं होतं, कंपनीचं दुकान कंपनीच्या हातात असल्याने तसं करता येतं. ओपन प्रोजेक्टला लायसन्समध्ये अशी बंदी घालता येत नाही, घातली तर ओपन सोर्सच्या व्याख्येतलं सहावं कलम मोडतं, कुठल्याही क्षेत्रातल्या वापरावर भेदभाव करायचा नाही असं ते कलम आहे. मग काय करता येतं? प्रोजेक्ट स्वतः जे ॲप स्टोअर चालवतो त्याचे नियम कडक ठेवता येतात, कॅमेऱ्याचे कच्चे फोटो ॲपच्या हातात न देता फक्त त्यातला मजकूर किंवा वस्तूचं नाव देणारा मधला थर बांधता येतो. कोणी फोर्क करून (स्वतःची वेगळी आवृत्ती काढून) तोडेल, तोडू दे, पण जवळपास सगळे लोक मूळ आवृत्तीच वापरतात आणि डिफॉल्ट (आधीपासून ठेवलेलं सेटिंग) काय आहे त्यावर बहुतेकांची प्रायव्हसी ठरते. डिफॉल्टची ताकद बघायची तर एप्रिल २०२५ मध्ये मेटाने आपल्या चष्म्यांचे नियम बदलले ते बघा: व्हॉइस असिस्टंटशी बोललेलं रेकॉर्डिंग क्लाउडमध्ये साठवलं जाणार, एक वर्षापर्यंत राहू शकणार, साठवूच नका असा पर्याय काढून टाकला, एकेक करून पुसायचं असेल तर पुसा. विकत घेतलेली वस्तू तीच, नियम नवे. ओपन सोर्समध्ये असं झालं असतं तर जुनी आवृत्ती धरून पुढे जाता आलं असतं, हा फरक छोटा नाही.

कायद्याचं थोडक्यात. आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू. पण माणसाने खासगी, घरगुती कामासाठी केलेली प्रक्रिया त्या कायद्याच्या बाहेर आहे, म्हणजे आजोबांवर काही बंधन येत नाही आणि समोरच्यालाही त्यांच्याविरुद्ध ह्या कायद्याचा आधार नाही. ज्या कंपनीकडे आवाज जातो तिच्यावर मात्र येतं. आणि तुमचा पुतण्या उत्साहाने स्वतःचा सर्व्हर उभा करून तो ओळखीच्या पन्नास घरांना वापरायला देणार असेल तर ते घरगुती राहत नाही, हे त्याला आधीच सांगा. खासगी अवस्थेतले फोटो व्हिडिओ चोरून घेणं हा आयटी कायद्याच्या ६६ई खाली आणि ते स्त्रीचे असतील तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खालीही गुन्हा आहेच, उपकरण कुठलंही असो.

आता तुमच्या आजोबांकडे येतो. बोलणं अक्षरात दिसायला कॅमेरा लागत नाही. म्हणून कॅमेरा नसलेलाच चष्मा घ्या, जी१ मध्ये कॅमेराही नाही आणि स्पीकरही नाही, त्याने समोरच्याचा अर्धा प्रश्न घ्यायच्या आधीच संपतो. राहिला माइक. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं आणि सोडून देतं, कॅप्शनचं ॲप मात्र बहुतेक वेळा "हिस्टरी" (झालेल्या बोलण्याची नोंद) ठेवतं, ती सगळ्यात आधी बंद करा. आत्याने स्वयंपाकघरात सुनेबद्दल काय म्हटलं ते तीन महिन्यांनी कोणालातरी ॲपमध्ये वाचायला मिळालं तर घरात काय होईल सांगायला नको, आणि हे कुठल्या हॅकरपेक्षा कितीतरी जास्त शक्य आहे. आजोबांनी नवीन माणूस भेटला की एकदा सांगावं, मला ऐकू कमी येतं, तुमचं बोलणं मला इथे अक्षरात दिसतं, साठत नाही. डॉक्टरकडे, बँकेत तर आवर्जून. लोक हसून हो म्हणतात, मी बघितलंय.

मराठीची अडचण मात्र खरी आहे आणि तीच तुम्हाला क्लाउडकडे ढकलेल. फोनवरच चालणारं, बाहेर काही न पाठवणारं बोलणं ओळखायचं असेल तर ओपनएआयने २०२२ मध्ये एमआयटी लायसन्सवर दिलेलं व्हिस्पर आहे, त्याची व्हिस्पर डॉट सीपीपी नावाची आवृत्ती साध्या फोनवरही चालते. पण जे लहान मॉडेल फोनवर झपाट्याने चालतं, ३.९ कोटी पॅरामीटरचं (हे मॉडेलच्या आकाराचं माप), ते मराठीत फार चुकतं, आणि जे बऱ्यापैकी मराठी लिहितं ते दीडशे कोटींच्या वरचं, ते फोनला जड. शिवाय व्हिस्पर ३० सेकंदांच्या तुकड्यांवर बेतलेलं आहे, लगेच अक्षर हवं तर त्याच्याशी बऱ्याच खटपटी कराव्या लागतात. आयआयटी मद्रासच्या एआय४भारत गटाची भारतीय भाषांची मॉडेल्स ओपन आहेत, त्यात मराठी आहे, मी आज सुरुवात करायची तर तिथून करेन आणि ते घरातल्या एखाद्या लॅपटॉपवर चालवेन, फोन घरच्या वायफायवरून लॅपटॉपला आवाज देईल, उंबऱ्याबाहेर काही जाणार नाही. आजोबांचा बहुतेक वेळ घरातच जात असेल तर हे पुरेसं आहे.

आणि एक गोष्ट जी मराठी लोकांनाच आडवी येते. अक्षरं ओळखली तरी चष्म्यावर दिसणार कशी? चष्म्यातल्या फर्मवेअरच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसली, किंवा असूनही जोडाक्षरं आणि काना मात्रा नीट बसवायची सोय नसली, तर "ज्ञानेश्वर" मोडून तुकडे दिसतात. बंद फर्मवेअरमध्ये तुम्ही कंपनीला मेल लिहू शकता, बस. दुसरा मार्ग म्हणजे फोनवर ओळ नीट मांडून तिचं चित्र पाठवायचं. जी१ च्या डेमो ॲपमध्ये चित्राचा आकार ५७६ बाय १३६ असा आहे, काळा-पांढरा, म्हणजे एका चित्राला साधारण ९,८०० बाइट, आणि तीच ओळ मजकूर म्हणून पाठवली तर १२० बाइट. एवढा फरक ब्लूटूथवर जाणवतो, अक्षर उशिरा येतं, बॅटरी जास्त जाते. फर्मवेअर ओपन असेल तर देवनागरीचा फॉन्ट आपण घालू शकतो, एकदा कोणीतरी केलं की सगळ्यांना मिळतं. माझ्या दृष्टीने मराठी माणसाला चष्म्याचं फर्मवेअर ओपन हवं ह्याचं हे प्रायव्हसीइतकंच मोठं कारण आहे. इथे काम करायला माणसं हवीत, ज्यांना सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा येते आणि फॉन्टचं थोडं कळतं त्यांनी खरंच पुढे या.

घेण्याआधी दुकानात किंवा परत करायच्या मुदतीत एवढं करा. कॅप्शन चालू ठेवून फोन एअरप्लेन मोडवर टाका, मग फक्त ब्लूटूथ परत चालू करा आणि मराठीत बोला. अक्षरं येत राहिली तर ओळखायचं काम फोनवरच होतंय, थांबली तर आवाज बाहेर जातोय, विक्रेता काहीही सांगो. येत राहिली तरी नंतर नेट आल्यावर ॲप गुपचूप काही पाठवतं का हे बघायला पीसीएपीड्रॉइड नावाचं ओपन सोर्स ॲप टाका, त्याला फोन रूट करावा (आतली कुलपं उघडावी) लागत नाही, कुठलं ॲप कुठल्या पत्त्यावर किती डेटा पाठवतंय ते दिसतं. एक दिवस चालू ठेवा आणि यादी बघा. त्यात जे पत्ते दिसतील ते इथे टाका, कुठला कशासाठी आहे ते मी सांगतो.